कढीपत्ता कुणाला ओळखतो?

शलाका घरात पाऊल टाकायची आणि कढीपत्ता गायला लागायचा.

ही थाप नव्हती. रोज संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी शाळेची विनाचालक बस कोल्हापुरातल्या तिच्या इमारतीखाली थांबायची. लिफ्ट तिला अकराव्या मजल्यावर सोडायची, दार तिचा चेहरा ओळखून उघडायचं, ती दप्तर सोफ्यावर भिरकावायची, आणि पुढच्याच क्षणी गॅलरीतून सूर यायचा. आधी एक बारीकसा ‘ऊंऽऽ’, मग भराभर वर चढत जाणारे चार-पाच सूर. त्याबरोबर कुंडीला अडकवलेला काचेचा गोळा आधी हिरवा, मग पिवळा, मग झगझगीत केशरी व्हायचा.

“आले रे, आले!” असं ओरडत शलाका गॅलरीत धावायची.

गंमत म्हणजे आई-बाबा सात वाजता कामावरून यायचे तेव्हा कढीपत्ता ढिम्म. एक सूर नाही.

“पाणी रोज मी घालते,” आई म्हणायची, “आणि गाणं मात्र हिच्यासाठी!”

हे गाणारं यंत्र आजीनं बनवलं होतं. शलाकाची आजी, म्हणजे तिच्या आईची आई, डॉ. कुमुद घाटगे, शेजारच्याच इमारतीत राहायची. तिनं चाळीस वर्षं कृषी विद्यापीठात वनस्पतींचा अभ्यास केला होता. निवृत्त झाल्यावर तिच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरण्यांशेजारी वायरींची भेंडोळी येऊन बसली होती. शलाकाच्या अकराव्या वाढदिवसाला तिनं हे यंत्र दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘पर्णनाद’.

“झाडात वीज असते?” शलाकानं तेव्हा डोळे विस्फारून विचारलं होतं.

“असते की! तुझ्यातही आहे. डॉक्टर छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढतात ना, तो त्या विजेचाच. आता असं बघ. झाडाची प्रत्येक पेशी (सजीवाच्या शरीराची सगळ्यांत छोटी वीट म्हण हवं तर) एका पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. त्या पडद्याच्या आत आणि बाहेर क्षारांचे आयन (विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण) असतात. ते आत-बाहेर करायला लागले की तिथला विजेचा दाब बदलतो. किती? तर काही मिलिव्होल्ट (एका व्होल्टचा हजारावा भाग). रिमोटमधला छोटा सेल दीड व्होल्टचा असतो. त्याच्यापुढे पानाची वीज म्हणजे ढोलापुढे टिचकी!”

“मग ती टिचकी ऐकायची कशी?”

“पानाला ओलसर जेल लावायचं, त्यावर हलका चिमटा. चिमट्याची तार जाते विवर्धकात (लहान संकेत मोठा करणारं यंत्र). मोठा झालेला संकेत हा छोटा संगणक मोजतो. दाब वाढला की चढा सूर, उतरला की खालचा सूर. रंगाचंही तसंच.”

“म्हणजे झाड गातं!”

“झाडातला दाब बदलतो,” आजी हसून म्हणाली. “त्याला सूर कुठला द्यायचा ते मी ठरवलंय. सुरांच्या जागी म्हशीचं हंबरणं घातलं असतं, तर तुझा कढीपत्ता हंबरला असता.”

शलाका खो खो हसली. म्हैस तिच्या चांगली लक्षात राहिली. त्याआधीचं वाक्य मात्र ती पार विसरून गेली.

सोमवारी तिनं वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं, की आमचा कढीपत्ता मला ओळखतो. शनिवारी जिल्ह्याचा बालविज्ञान मेळावा होता. देशमाने बाईंनी लगेच तिचं नाव लिहून घेतलं आणि प्रयोगाचं नावही ठरलं: ‘मला ओळखणारं झाड’. वर्गानं टाळ्या वाजवल्या. शलाकाला वाटलं, आपण जमिनीपासून दोन बोटं वरून चालतोय.

तेवढ्यात समीना मुल्लानं हात वर केला. समीना फारशी बोलायची नाही, पण बोलली की बाईंनासुद्धा थांबून विचार करावा लागायचा.

“तू घरी गेली नाहीस, तर ते गप्प बसतं का?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे, तू आल्यामुळे वाजतं, का पाच वाजले म्हणून वाजतं, का आणखीच कशामुळे? हे कसं ठरवलंस?”

“आई-बाबा आल्यावर नाही वाजत. मी रोज बघते!” शलाका ठसक्यात म्हणाली.

“आणि रविवारी?”

शलाका अडखळली. रविवारी ती दहादा आत-बाहेर करायची, पण कढीपत्ता एकदाही वाजायचा नाही. हे तिला ठाऊक होतं. पण तिनं ते मनातल्या मनात एका कोपऱ्यात सारून ठेवलं होतं.

“रविवारी… रविवारी तो रुसतो,” ती म्हणाली.

सगळा वर्ग हसला. शलाकाचे कान लालबुंद झाले.

संध्याकाळी ती तणतणतच आजीकडे गेली आणि वर्गात झालेलं सगळं तिनं सांगून टाकलं. “त्या समीनाला काही कळत नाही. आजी, तू सांग ना तिला, की झाड मला ओळखतं.”

आजीनं चष्मा कपाळावर सरकवला. “शेवटचा प्रश्न काय विचारला तिनं? रविवारचा? अगं, ही मुलगी म्हणजे रत्न आहे! उद्या तिला घरी घेऊन ये.”

“तिला? कशाला?”

“तुझं म्हणणं खरं असेल, तर तिच्यासमोरच सिद्ध होईल. आणि खोटं असेल, तर ते शनिवारी शंभर लोकांसमोर कळण्यापेक्षा मंगळवारी तिघींना कळलेलं बरं.”

मंगळवारी सव्वापाच वाजता तिघी अकराव्या मजल्यावर दारासमोर उभ्या राहिल्या. घरात कुणीच नव्हतं. फक्त गुंडू, म्हणजे केर काढणारा गोल यंत्रमानव, दिवसभराची झाडलोट करत होता. ठरलं असं, की शलाका दाराला चेहरा दाखवेल, पण आत जाणार नाही. आत जाईल समीना.

दार उघडलं. समीना आत गेली. शलाका जिन्याच्या पायरीवर डोळे मिटून बसली आणि मनात म्हणत राहिली, ‘गप्प बस. गप्प बस रे बाबा.’

गॅलरीतून सूर आला. ‘ऊंऽऽ’, आणि मग भराभर वर चढणारे चार-पाच सूर. नेहमीचेच. रोज तिच्यासाठी वाजायचे, अगदी तेच.

शलाका उठलीच नाही. समीना दाराशी आली. तिला हसू आलेलं नव्हतं. ती येऊन शेजारी बसली. “मला वाटलं होतं, नाही वाजणार,” ती हळूच म्हणाली. “खरंच.”

“चला, उठा!” आजीच्या आवाजात मात्र उत्साह मावत नव्हता. “तो शलाकाला ओळखत नाही, एवढंच कळलंय. मग तो वाजतो कशामुळे? खरी मजा तर आता आहे!”

तिनं स्वयंपाकघरातून भांडी घासायचा कोरा स्पंज आणला, मिठाच्या पाण्यात बुडवून पिळला आणि कढीपत्त्याचे चिमटे काढून त्या स्पंजला लावले. मग तिघी घराबाहेर पडल्या. घर रिकामं झालेलं पाहून गुंडू पुन्हा कामाला लागला. दहा मिनिटांनी तिघी परत आत शिरल्या.

स्पंज गायला लागला!

चढते सूर, हिरवा, पिवळा, केशरी उजेड. सगळं अगदी तसंच. समीना तोंडावर हात ठेवून बघत राहिली. “आजी, स्पंज पण तिला ओळखतो!” ती म्हणाली, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच शलाकाला हसू फुटलं. हसता हसता तिचे डोळेही भरून आले.

“स्पंजात काही जीव नाही,” शलाका डोळे पुसत म्हणाली. “म्हणजे हा संकेत झाडातून येतच नाहीये. बाहेरून येतोय.”

“शाब्बास! याला म्हणतात तुलना-प्रयोग (सगळं जसंच्या तसं ठेवायचं, फक्त जी गोष्ट तपासायची तेवढी बदलायची). आपण फक्त झाड काढलं, तरी गाणं राहिलं. आता शोधा, कुणी माणूस आत आलं की घरात काय काय बदलतं?”

चार-पाच सूर वाजून स्पंज थांबला होता. मुली शोधायला लागल्या. दिवा लागतो. त्यांनी दिवा लावून पाहिला, स्पंज गप्प. पंखा फिरतो. तरीही गप्प. दार उघडतं, मिटतं. गप्पच. मग समीनाची नजर गॅलरीशेजारच्या भिंतीकडे गेली. तिथे गुंडू आपल्या चार्जरवर जाऊन बसला होता.

“हा आत्ता तर झाडत होता!”

“कुणी घरात आलं की तो काम थांबवतो. पायांत येऊ नये म्हणून,” शलाका म्हणाली आणि म्हणता म्हणताच थबकली.

समीनानं गुंडूला दोन्ही हातांनी उचललं. शलाकानं पर्णनाद बंद करून पुन्हा चालू केला. शांतता. समीनानं गुंडूला चार्जरवर ठेवलं. ऊंऽऽ! उचललं, शांतता. ठेवलं, ऊंऽऽ!

“कृपया मला खाली ठेवा,” गुंडू नम्रपणे म्हणाला. “मला भूक लागली आहे.”

दोघी जमिनीवर लोळून हसल्या.

गुंडू चार्जरवर टेकला की सुरुवातीला चार्जरमधली वीज एकदम उसळते आणि सेकंदाला हजारो वेळा बदलते, आजीनं समजावलं. तिच्याभोवती अदृश्य विद्युतचुंबकीय क्षेत्र (जिथवर विजेचा प्रभाव पोचतो ती जागा) तयार होतं. पर्णनादच्या लांब तारा अँटेनासारख्या ते टिपतात. विवर्धक बिचारा आंधळा. जे येईल ते तो मोठं करून सांगतो. आई-बाबा येईपर्यंत गुंडूचं पोट भरलेलं असायचं. रविवारी घरात सगळेच असल्यामुळे तो कामालाच लागायचा नाही. कढीपत्ता कधी रुसलाच नव्हता.

हसू ओसरलं. मेळावा चार दिवसांवर आला होता. तिच्या मनात एक विचार आला आणि तोंडातून निसटलाही. “गुंडूला टेबलाखाली कापडाआड ठेवलं तर? मी समोर गेले की झाड वाजेल. कुणाला कळणारही नाही.”

मग शलाकानं कढीपत्त्याकडे पाहिलं.

“मला कळलंय ना पण,” ती शेवटी म्हणाली. “नको. आजी, झाडाचा खरा आवाज ऐकायचा असेल तर काय करावं लागेल?”

“हां, आता कशी बोललीस!” आजीनं पदर खोचला.

बुधवार आणि गुरुवार कसे गेले ते कळलंच नाही. तारा आखूड केल्या. स्वयंपाकघरातला चांदीसारखा कागद त्यांच्यावर गुंडाळला आणि तो भूमीतारेला (नको असलेली वीज जमिनीत सोडणारी तार) जोडला. चार्जर दुसऱ्या खोलीत हलवला. मग समीनाला एक नामी कल्पना सुचली.

“स्पंज काढायचाच कशाला? तोही ठेवू या. बाहेरची वीज आली तर झाडालाही येईल आणि स्पंजालाही. दोघांत जे सारखं असेल ते वजा करायचं. उरेल ते झाडाचं!”

आजी तिच्याकडे बघतच राहिली. “अगं, प्रयोगशाळांमधली यंत्रंही हेच करतात!”

आता तीन पानांना तीन चिमटे लागले. खालच्या फांदीला एक, मधल्या फांदीला एक, वरच्या शेंड्याला एक. प्रत्येकाला वेगळा सूर, वेगळा दिवा. सगळं जोडून यंत्र सुरू केलं, आणि काहीच वाजलं नाही. गुरुवारची संध्याकाळ अशीच गेली. शुक्रवारीही शाळेतून आल्यावर दोघी समोर बसून राहिल्या. साडेपाच वाजले. पावणेसहा झाले.

“उद्या आपण गप्प बसणारं झाड दाखवू,” शलाका वैतागून म्हणाली.

आणि खालचा दिवा हळूच मिणमिणला.

सूर अगदी खर्जातला होता, विहिरीच्या तळातून यावा तसा. तो सावकाश खाली उतरत गेला. दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. खोलीत काहीच हललं नव्हतं. गुंडू आतल्या खोलीत होता. स्पंजाचा आकडा स्थिर होता. मिनिट झालं, दीड मिनिट झालं, आणि मधला दिवा लागला. मग आणखी थोड्या वेळानं शेंड्याचा.

“खालून वर चाललंय!” समीना कुजबुजली. “काहीतरी चाललंय झाडातून!”

शलाका गुडघ्यांवर बसून खालची फांदी निरखू लागली. पानं हिरवीगार होती. एका पानाच्या कडेला मात्र चतकोर कापल्यासारखी खाच होती, ताजी, ओलसर. पण खाणारं कुणी दिसेना. पानावर होती फक्त एका पाखराची विष्ठा, काळपट-पांढरी. “शी!” म्हणत शलाकानं ती पुसायला बोट पुढे केलं.

विष्ठा हलली!

तिनं मान वर केली आणि डोक्यामागून दोन केशरी शिंगं बाहेर काढली. उग्र, आंबट वास आला. शलाका किंचाळून मागे पडली ती थेट समीनाच्या मांडीवर.

“अळी! आजी, अळी! विष्ठेचं सोंग घेतलेली अळी!”

आजी आतल्या खोलीतून पळतच आली. “लिंबाच्या फुलपाखराची आहे ही. कढीपत्ता आणि लिंबू, दोन्ही हिच्या आवडीचे. पक्ष्यांना फसवायला असं रूप घेते. तिनं मला पण फसवलं, बघा. मी सकाळी याच पानाकडे पाहून गेले. पण झाडाला नाही फसवता आलं!”

मग तिनं सांगितलं. अळीनं पान कुरतडलं की तिथल्या पेशी फुटतात. त्यांतलं रसायन शेजारच्या पेशींना जागं करतं, आयन सैरावैरा आत-बाहेर करतात, विजेचा दाब बदलतो. शेजारची पेशी तिच्या शेजारणीला, ती पुढचीला, अशी वर्दी झाडाच्या शिरांमधून दूरच्या पानांपर्यंत जाते. ती पोचली की कितीतरी झाडांत लांबची पानं अळीला न आवडणारी रसायनं बनवायला लागतात.

“म्हणजे… त्याला दुखतं?” शलाकाचा आवाज बारीक झाला.

“दुखणं जाणवायला मेंदू लागतो, बाळा. झाडाला मेंदू नाही. हे रडणं नाही, ही बातमी आहे. पण बातमी किती शहाणी, बघ! आणि झाडांबद्दल आपल्याला अजून खूप काही कळायचंय.”

शलाकानं पुन्हा पर्णनादकडे पाहिलं. झाड तिला ओळखत नव्हतं. पण आत्ता, तिच्यासमोर, ते आपल्याच दूरच्या पानाला काहीतरी कळवत होतं, आणि ते ऐकायला मिळालं होतं तिला आणि समीनाला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

शनिवारी मेळाव्यात पाटीवर नवं नाव होतं: ‘बातमी पोचवणारं झाड’. खाली दोघींची नावं. शलाकानं सुरुवातच अशी केली, “आधी मी तुम्हाला माझी चूक दाखवते.” तिनं गुंडूला चार्जरवर ठेवलं आणि स्पंजाचं गाणं ऐकवलं. लोक पोट धरून हसले.

“म्हणजे हे झाड तुला ओळखत नाही तर?” एका परीक्षकांनी विचारलं.

“नाही, सर. मला फार वाटत होतं, म्हणून मला तसं दिसत होतं.”

मग तिनं गुंडू बंद केला, समीनानं वजाबाकीची कळ दाबली, आणि सगळे वाट बघू लागले. अळी ढिम्म बसली होती. एक मिनिट. तीन मिनिटं. मागचे काही लोक निघून गेले. समीनानं ओठ चावला. पाचव्या मिनिटाला अळीनं डोकं हलवलं, पानाची कड धरली आणि कुरतडायला सुरुवात केली.

खर्जाचा सूर घुमला. खालचा दिवा लागला. आजूबाजूची कुजबुज आपोआप थांबली. साठ-सत्तर माणसं श्वास रोखून एका कुंडीकडे बघत होती. मधला दिवा लागला तेव्हा पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी टाचा उंचावून ओरडली, “आता वरचा! आता वरचा!” आणि वरचा लागला. मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला, त्यात बाकी काही ऐकूच येईना.

गर्दी पांगल्यावर हिरव्या साडीतल्या एक बाई पुढे आल्या. “मी पद्मावती मगदूम. हातकणंगल्याजवळ आमची लिंबाची बाग हाय,” त्या म्हणाल्या. “ही अळी मला चांगली ठाव हाय. पण मला दिसती तवा निम्मी पानं खाऊन झालेली असत्यात. मग सगळ्या बागंवर औषध मारायला लागतंय. झाडच जर आदी सांगाय लागलं, तर मी त्या एकाच झाडाकडं जाईन की! जमंल का गं?”

दोघींनी आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, “घरातल्या कुंडीत जमलंय. बागेत वारा आहे, ऊन आहे, मुंग्या आहेत, विहिरीची मोटर आहे. तिथे काय ऐकू येईल, ते तिथे गेल्याशिवाय नाही कळायचं.”

“मग उद्याच या. पिठलं-भाकरी खायाला घालीन,” मगदूमकाकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी दव सुकायच्या आतच तिघी बागेत पोचल्या. पहिल्या ओळीतल्या लिंबाला सहा चिमटे लावले. समीनानं मोटर बंद असल्याची खात्री करून घेतली, मगदूमकाकू बांधावर बसल्या, आणि शलाकानं यंत्र सुरू केलं.

बराच वेळ काही नाही. मग डोंगराच्या कडेवरून सूर्य वर आला, पहिलं ऊन झाडाच्या शेंड्यावर पडलं, आणि सहाही दिवे लागले. पण कालच्यासारखे एकामागून एक नव्हे, सगळे एकदम! सहा सूर मिळून एकच लांब, भरदार स्वर घुमला, हळूहळू विरला आणि थोड्या वेळानं पुन्हा उमटला.

शलाकानं आकडे तपासले. बाहेरची वीज नव्हती. अळी कुठे नव्हती. “आजी, हे काय आहे? ऊन तर फक्त शेंड्यावर पडलंय. खालच्या सावलीतल्या पानांना इतक्या पटकन कसं कळलं?”

चाळीस वर्षं झाडांचा अभ्यास केलेली आजी डोळे बारीक करून त्या लिंबाकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर एखाद्या लहान मुलीचं असावं तसं हसू पसरलं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

शलाका आणि समीनानं एकमेकींकडे पाहिलं. मग शलाकानं वही उघडून वेळ लिहिली, आणि समीना चिमट्यांचा डबा घेऊन शेजारच्या झाडाकडे धावत सुटली.